तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाची डीव्हीडी आणि 25, 30, 60 चा घोळ

लग्नाची नाहीतर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची डीव्हीडी सोलापुरात कुठल्याही कपाटात सापडेल. तिचं एमपीफोर करायला घेतलं की प्रश्न ठरलेला: ‘फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम), 30 ठेवू की 60?’

दोन्ही नको. आपल्याकडची डीव्हीडी बहुतेक पाल पद्धतीची (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) असते, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. तिच्या 30 केल्या की सॉफ्टवेअर दर सेकंदाला पाच फ्रेम दुसऱ्यांदा दाखवतं आणि कॅमेरा मांडवावरून आडवा फिरला की चित्र हिसके खातं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली डिस्क 720 बाय 480 आणि 29.97 ची निघेल. तिलाही ओढून 25 वर आणू नका.

पण या 25 मध्ये एक मेख आहे. कॅमेऱ्यावर शूट केलेल्या डिस्कमध्ये प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची बनते. विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी 1/50 सेकंदानंतरच्या. यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, चालत असताना व्हिडिओ थांबवून बघा. काठीच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले तर व्हिडिओ इंटरलेस्ड आहे. सिनेमाच्या डिस्कवर बहुधा दात दिसत नाहीत, मग डीइंटरलेसला, म्हणजे दात काढणाऱ्या फिल्टरला, हात लावू नका.

दात असतील तर हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं फुकट सॉफ्टवेअर) डीइंटरलेसला ‘याडिफ’ आणि प्रीसेट ‘बॉब’ निवडा, इंटरलेस डिटेक्शन बंद करा, फ्रेमरेट 50, ‘कॉन्स्टंट’. बॉब प्रत्येक अर्ध्याची स्वतंत्र फ्रेम करतो, म्हणून हे 50 खरे. वरातीतल्या लेझीमचा वेग जसाच्या तसा राहतो. डिटेक्शन चालू राहिलं तर फक्त दात असलेल्या फ्रेमच दुप्पट होतात आणि चाल अडखळते. साधा याडिफ लावून 25 ठेवलं तरी चालतं, फाइलही लहान होते, पण निम्मी हालचाल जाते. आमचं मत 50 च्या बाजूने.

माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरत चालली तर अर्ध्यांचा क्रम उलटा लागलाय. मिनीडीव्हीच्या (छोट्या टेपच्या) कॅमेऱ्यात खालच्या, म्हणजे सम ओळी आधी येतात, पुष्कळ डीव्हीडींत वरच्या, म्हणजे विषम. घरगुती एडिटिंगमध्ये हे हमखास उलटं होतं. फिल्टरमध्ये क्रम हाताने बदलायचा.

आता क्वालिटी. ‘अमुक एमबीची फाइल हवी’ असं ठरवून बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारा डेटा) कापू नका. व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत एच.264 घ्या (जुन्या टीव्हीला पेन ड्राइव्हवरून एच.265 अनेकदा चालत नाही), आरएफ (क्वालिटीचा आकडा) 18 ते 20, प्रीसेट ‘स्लो’. आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, फाइल मोठी. सरासरी 2 एमबीपीएस धरली तर तासाला साधारण 900 एमबी. अक्षता पडताना, फ्लॅश उडताना, होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात फाइल फुगते, फुगू द्या. व्हीएचएसवरून (जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून) डीव्हीडी केलेली असेल तर चित्रातली खरखरही बिट खाते. खरखर काढणारा फिल्टर ‘एनएलमीन्स’ हलका लावा. जास्त लावला तर जरीचा काठ आणि चेहरा दोन्ही मेणाचे होतात. 1080 वर वाढवून नवा तपशील येत नाही, तो मोह सोडा.

चेहरे उभट दिसले तर पिक्सेलचं प्रमाण हरवलंय. 4:3 ची डिस्क 720 बाय 576 मध्ये साठवलेली असते, पण दाखवायची 768 बाय 576. अ‍ॅनामॉर्फिक (हे प्रमाण जपणारी सेटिंग) ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं की नवरा-नवरी एका झटक्यात बारीक होत नाहीत! क्रॉप मात्र हाताने: कडेच्या काळ्या पट्ट्या आणि व्हीएचएसच्या तळाशी वळवळणाऱ्या आठ-दहा ओळी.

आवाज एएसी 160, सॅम्पल रेट 48 हजारावरच.

डिस्कवर ओरखडे असतील तर आधी तिच्यातलं अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा. थेट डिस्कवरून कन्व्हर्ट केलं आणि वाचताना मधेच अडलं तर तासाभराचं काम वाया. मग लेझीम किंवा दारूकामाचे 30 सेकंद रेंजमध्ये निवडून नमुना काढा आणि तो मोबाईलवर नाही, घरातल्या टीव्हीवर लावून बघा. दात आणि थरथर मोठ्या पडद्यावर आधी दिसतात.