दोन टक्के लँथॅनम

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट, दाबलं की विद्युतप्रभार देणारं सिरॅमिक) घेतलं तेव्हा वाटलेलं, पावडरी मोजायच्या, खलायच्या, भाजायच्या, संपलं. झिर्कोनियम-टायटॅनियमचं ५२:४८ प्रमाण ठरलेलंच. त्यात शिशाच्या जागी २ टक्के लँथॅनम. शिशाच्या आयनावर दोन धन प्रभार, लँथॅनमवर तीन. हिशेब जुळायला दर दोन लँथॅनममागे शिशाची एक जागा रिकामी राहते. मग डोमेनच्या (आतल्या एकाच दिशेला ध्रुव असलेल्या भागांच्या) भिंती सहज सरकतात आणि गोळी दाबली की जास्त प्रभार मिळतो. कागदावर.

माझ्या गोळीचा डी-३३, म्हणजे दाबाच्या बलामागे मिळणारा प्रभार, आला १९० पिकोकूलॉम प्रति न्यूटन. सिनियरनं केलेल्या, काहीच न घातलेल्या गोळीचा २१५ होता!

दोन आठवडे मी पोलिंगलाच (गरम तेलात जोरदार व्होल्टेज देऊन डोमेन एका दिशेला वळवणं) दोष देत बसले. १२० अंशांचं सिलिकॉन तेल, मिलिमीटरला २ किलोव्होल्ट. एकदा सिल्व्हर पेस्ट कडेवर ओघळलेली, तिथूनच ठिणगी उडाली आणि गोळीला काळं भोक पडलं. कडा पॉलिश पेपरनं घासल्यावर ठिणग्या थांबल्या. आकडा हलला नाही.

शेवटी गोळ्या भट्टीआधी आणि नंतर तोलल्या. बाइंडर (पूड चिकटवणारा, भट्टीत जळून जाणारा पदार्थ) वजा करूनही १२५० अंशांना ३ टक्के वजन गायब. लेड ऑक्साइड उडून जात होतं. क्रूसिबलचं (गोळ्या ठेवायच्या भांड्याचं) झाकण एका बाजूला इतकं उचललेलं की पोस्टकार्ड आत जाईल. (शिशाची वाफ आहे ही. एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय भट्टी लावू नका.)

बाबा कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत आहेत. जेवताना सांगितलं तर म्हणाले, "मग लिंपून घे की गं!" ॲल्युमिनाच्या पेस्टनं झाकण लिंपलं, गोळ्यांखाली शिशाची वाफ पुरवायला लेड झिर्कोनेटची पूड पसरली. घट अर्ध्या टक्क्याच्या आत आली.

जुलैत आणखी एक कळलं. लँथॅनम ऑक्साइड कोल्हापूरच्या पावसात हवेतलं पाणी ओढतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं, तर १ ग्रॅम तोलूनही हाती ०.८६ ग्रॅमच ऑक्साइड. तेव्हापासून आधी ९०० अंशांना भाजून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोलते.

पुढच्या बॅचचा आकडा ३६०. बाबांना दाखवला.

"आमच्या अल्ट्रासॉनिक टाकीला बसंल काय ही?"

"नाही. ही मऊ जात, भिंती सहज सरकतात, म्हणून सतत चालवली की तापते. तिथं कडक लागते. त्यात टायटॅनियमच्या जागी लोखंड घालतात, भिंती जखडून राहतात."

"म्हंजे फिरून आमचं लोखंडच की!"