बिस्किटं भिजत नाहीत, सादळतात

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यानं काय लिहावं, तर शाळेनं जे पक्कं करून दिलं ते. मराठीच्या आणि विज्ञानाच्या तासांनी मिळून मला एक क्रियापद पक्कं करून दिलं : सादळणे. पुढे फरसाणाच्या धंद्यात रोज त्याच्याशीच गाठ पडू लागली, म्हणून त्याविषयीच लिहितो.

भिजायला पाणी लागतं, सादळायला हवा पुरते. गच्चीत वाळत घातलेले पापड सरीत सापडले तर ते भिजले. डब्याचं झाकण सैल राहिलं तर सादळले. आपण कणीक भिजवतो, पोहे भिजवतो, पण पापड कोणी मुद्दाम सादळवत नाही, ते आपोआप होतं. शिवाय जे मुळात कोरडं, कडक किंवा ताणलेलं असतं तेच सादळतं : बिस्किटं, चिवडा, काडेपेटी, तबल्याची पुडी म्हणजे वरचं ताणलेलं चामडं. कपडे दमट राहतात, भिंतीला ओल येते, गूळ पाझरतो, मिठाला पाणी सुटतं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती आहे ते प्रमाण, बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. मीठ साधारण ७५ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असला तर त्याही आधी. साखर साधारण ८५ टक्क्यांपर्यंत तग धरते. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांचं मात्र त्याहून फार लवकर बिघडतं. आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या पुढे गेली की स्टार्चच्या रेणूंमध्ये पाणी शिरतं, काचेसारखी ठिसूळ रचना लवचिक होते आणि मोडताना ‘कट्’ आवाज येत नाही. म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला पापड सादळणारच, प्रश्न फक्त वेळेचा.

चिवडा बिघडतो तो बहुतेक वेळा करतानाच. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा पातळ पोहे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजावेत. चिमटीत चुरा झाला की झाले. कढीपत्ता धुऊन पुसून पूर्ण कोरडा करावा आणि तेलात हातानं चुरडेल इतका तळावा. अर्धवट तळलेल्या पानात पाणी उरतं आणि तीच पानं दोन दिवसांत सगळा डबा सादळवतात. खोबऱ्याच्या कापांचंही तेच. दुसरी चूक घाईची : गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावलं की वाफ आतच थंड होते आणि तिचे थेंब वरच्या थरावर पडतात. परातीत पसरून तो पूर्ण निवू द्यावा, पण रात्रभर उघडा ठेवू नये.

बिस्किटं आणि पाव एका डब्यात तर कधीच ठेवू नयेत. पावातलं पाणी हवेत येतं आणि बिस्किटं ते शोषतात. पाव सुकतो, बिस्किटं सादळतात, दोन्ही वाया. डबा मोठा आणि माल थोडा असला तरी नुकसानच, कारण आतली मोकळी हवा दर वेळी झाकण उघडलं की नव्यानं दमट होते. लहान डबे भरून ठेवावेत आणि रोजच्या वापराला एकच उघडावा.

सादळलेलं परत आणता येतं, हा या क्रियापदाचा मोठा दिलासा. ओव्हन १०० ते १२० अंशांवर ठेवून बिस्किटं-शेव ५ ते ७ मिनिटं, किंवा तव्यावर अगदी मंद आचेवर. गरम असताना ती मऊच लागतात, थंड झाल्यावर कुरकुरतात, म्हणून घाईनं जास्त भाजू नयेत. तेलाला खवट वास येत असेल तर मात्र भाजून उपयोग नाही. तो दोष ओलाव्याचा नव्हे, टाकून द्यावं.

प्रयोगशाळेतल्या निळ्या सिलिका जेलचे खडे ओलावा पिऊन गुलाबी होतात आणि ११०-१२० अंशांवर तासदोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा, विषारी; खाण्याच्या डब्याजवळ तो नकोच. मिठाच्या बरणीत भाजून गार केलेले चमचाभर तांदूळ टाकावेत. ते थोडा ओलावा घेतात आणि बरणी हलवताना गुठळ्या फोडतात.

चामड्याच्या वाद्यांना हेच लागू. हलगी शेकून घेतात ती सैल पडलेलं चामडं ताणण्यासाठी. तबल्याचा स्वर उतरला म्हणून पावसाळ्यात गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकून पुडी चढवली, तर कोरडी हवा येताच ती उतरवायची आठवण ठेवावी. नाहीतर सुकताना आक्रसून फाटते.