पोस्टमनकाकांच्या डोक्यातला नकाशा

आमच्या भागात जे पोस्टमनकाका येतात ना, त्यांच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. माणूस रिटायर झाला की निरोपाच्या भाषणात सगळेच भरभरून बोलतात, पण तो रोज दारात येतोय तेव्हाच चार शब्द बोलावेत असं मला फार वाटतं, म्हणून आज लिहितेच.

आता पत्रं कोण पाठवतं, असं सगळेच म्हणतात. खुशालीची पत्रं जवळपास संपली हे खरंच आहे. पण काकांची पिशवी काही रिकामी झालेली दिसत नाही, उलट आता त्यात जे असतं ते सगळं महत्त्वाचंच असतं, म्हणजे बँकेचं कार्ड, पासपोर्ट, कोर्टाची नोटीस, कुणाचं नेमणूकपत्र, कुणाची औषधं. पूर्वी एखादं पत्र इकडेतिकडे झालं तर हळहळ वाटायची, आता एक पाकीट चुकीच्या दारात पडलं तर कुणाची नोकरीची तारीख हुकू शकते. त्यामुळे काम कमी झालं असेल कदाचित पण जबाबदारी वाढलीये, आणि हे कुणी बोलतच नाही.

आणि हे पाकीट बरोबर दारात येतं कसं? पिन कोडमुळे, असं आपण म्हणतो. पिन कोड खरंच भारी गोष्ट आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर नावाचे अधिकारी होते, संस्कृतमध्ये कविता करायचे, त्यांनी ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा देशातला विभाग सांगतो आणि शेवटचे तीन थेट बटवडा करणाऱ्या पोस्टापर्यंत आणून सोडतात. पण तिथे पिन कोडचं काम संपतं! पुढचे एक-दोन किलोमीटर, ही गल्ली की ती, पुढचा जिना की मागचा, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं.

एकाच बिल्डिंगमध्ये एकाच नावाची दोन माणसं राहतात, त्यातल्या पेन्शनचे कागद कुणाचे आणि कॉलेजचे कुणाचे हे काकांना पाकिटावर नजर टाकताच कळतं. फ्लॅट नंबर लिहिलेलाच नाही, पावसाने शाई पसरलीये, भाडेकरू बदललाय, सून माहेरच्या आडनावाने पार्सल मागवते, बंगल्याचं नाव बदललंय पण नातेवाईक अजून जुनंच लिहितात... असलं सगळं त्यांना पाठ. हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं, शिकवणारा कोर्सही नाही, रोज तोच बीट, म्हणजे ठरवून दिलेला भाग, फिरून फिरून ते साठत जातं. काका रजेवर गेले की बदली पोस्टमन येतात, तेही बिचारे मनापासून काम करतात, पण टपाल उशिरा येतं आणि एखादं पाकीट शेजाऱ्यांकडे जातं. त्यात त्यांची काहीच चूक नाही, तो नकाशा त्यांच्याकडे अजून तयार झालेला नसतो एवढंच.

शिवाय आपल्याला दिसतो तो बटवडा म्हणजे अर्धंच काम. निघायच्या आधी पोस्टात बसून सगळं टपाल ज्या क्रमाने चालत जायचं त्या क्रमाने लावावं लागतं, म्हणजे सगळा रस्ता आधी मनातल्या मनात एकदा चालायचा आणि मग पायांनी. एक पाकीट जरी मागेपुढे लागलं तरी परत उलटं जायचं, तेही पिशवी खांद्यावर घेऊन, उन्हात.

मला अजून एक गोष्ट वाचायला मिळाली ती इतकी आवडली. १८४० च्या आधी ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच द्यायचा, तेही अंतर आणि कागद किती यावर. म्हणजे पत्र वाटणाऱ्याने प्रत्येक दारात थांबायचं, पैसे मागायचे, आणि समोरच्याने नको म्हटलं की पत्र परत घेऊन जायचं. तिथले सुधारक रोलँड हिल यांनी पाठवणाऱ्यानेच आधी पैसे भरायची कल्पना मांडली, त्यातून तिकीट आलं आणि मग दारात थांबायची गरजच उरली नाही, पत्र फटीतून आत टाकायचं आणि पुढे चालू लागायचं. त्यामुळे दाराला फट असणं किंवा खाली पत्रपेटी असणं ही पोस्टमनची वेळ वाचवणारी फार मोठी सोय आहे, आणि आपण मात्र तीच पेटी गंजू देतो, झाकण तुटलेलं, नाव पुसलेलं!

रोज त्याच दारांपुढून जाणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट कळते, की आज इथे काहीतरी वेगळं आहे. अमेरिकेत १९८२ पासून यावर एक योजनाच आहे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या पेटीत टपाल साचलेलं दिसलं की पोस्टमन कळवतो आणि मग कुणीतरी जाऊन बघतं. फ्रान्समध्ये तर पोस्टाने २०१७ मध्ये पैसे भरून घ्यायची सेवाच काढली, पोस्टमन आईवडिलांकडे ठरलेल्या दिवशी जातो, विचारपूस करतो आणि मुलांना कळवतो. आमच्याकडे असली काही योजना नाही, पण शेजारच्या विंगमधल्या आजींच्या पेटीत आदल्या दिवशीचं पाकीट तसंच दिसलं तेव्हा काकांनी स्वतःहून वर जाऊन बेल वाजवली. आजी तापाने झोपून होत्या, दार उघडायलासुद्धा वेळ लागला. काकांनी समोरच्यांना हाक मारून सांगितलं आणि मगच पुढे गेले. त्यांच्या कामात हे कुठेच लिहिलेलं नाही. मला तर हे त्यांनी पोचवलेल्या प्रत्येक टपालापेक्षा मोठं वाटतं.

मग आपण काय करायचं? नुसतं थँक्यू म्हटलं तरी छान वाटतं त्यांना, पण खरं कौतुक म्हणजे त्यांची पायपीट वाचवणं. पेटीवर घरातल्या सगळ्यांची नावं, सगळी आडनावं, स्वच्छ अक्षरात. घर बदललं तर पोस्टात कळवा. सही घेऊन द्यायचं टपाल आलं तर पटकन खाली या, ओळखपत्र हाताशी ठेवा. आणि कुत्रा असेल तर प्लीज, प्लीज बांधा. आमचा काही करत नाही हे प्रत्येक मालक म्हणतो, आणि अमेरिकेच्या टपालखात्याच्या आकडेवारीत दरवर्षी पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर कुत्र्यांचे हल्ले नोंदले जातात, ते काय सगळे भटके असतात का.

अजून एक, आणि हे मी केलंय म्हणून सांगते. पोस्टमास्तरांना लेखी कळवा. तक्रारीच्या अर्जांची तिथे कमी नसते, चांगलं कुणी लिहून देत नाही. मोठं पत्र नको, बीट कोणता, पोस्टमन कोण, त्यांनी काय केलं आणि कधी, एवढं चार ओळीत लिहा, खाली सही आणि स्वतःचा पूर्ण पत्ता, पिन कोडसकट.