गोधडीची नोंद : मंगळदास मार्केटातली कापडखरेदी आणि ६० × ९० इंचांचा हिशेब

सद्यस्थिती : १५० चौकोन कापून, जोडून वरचा थर तयार. आत जुन्या नऊवारीचे दोन थर, खाली कॅम्ब्रिकचं (दाट विणीचं पातळ सुती कापड) अस्तर. टाचून झालं आहे, बाहेरून आत धावदोरा सुरू आहे, गोट (कडेची पट्टी) बाकी. कापडं एका शनिवारी घरच्यांसोबत मुंबईला मंगळदास मार्केटमधून आणली. गोधडी पुढे सरळ राहणार की मधे फुगून पोट काढणार, हे बरंचसं दुकानातच ठरतं, म्हणून खरेदीची नोंद सगळ्यात मोठी आहे.

दोन दिवसांची सहल काढत असाल तर बाजार शनिवारीच उरकायचा, कारण मंगळदास मार्केट रविवारी बंद असतं. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत जाता येतं. शेजारच्या मुळजी जेठा मार्केटात मुख्यतः घाऊक व्यवहार चालतो, दोन-चार मीटरसाठी तिथे खपण्यात अर्थ नाही. मंगळदासमध्ये किरकोळ मिळतं, पण बरेच दुकानदार १ मीटरपेक्षा कमी फाडत नाहीत. परदेशी व्हिडिओ पाहून १८ × २२ इंचाचे तुकडे मागायला जाल तर तुमचीच हसत बोळवण होईल.

घरच्यांना नुसतं मागे फिरवलं की तासाभरात चिडचिड सुरू होते, त्यामुळे कामं वाटून द्यावीत. आजी किंवा आत्या बरोबर असेल तर कापडाची पारख तिच्याकडे. तिची बोटं जे सांगतात ते लेबल सांगत नाही. एकाने वहीत पन्हा (कापडाची रुंदी), मीटर आणि भाव टिपायचा. मुलांना फोन द्यावा : निवडलेली कापडं शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून पाहायचा. रंगीत फोटोत वेगळी दिसणारी मरून आणि बाटलीहिरवी कापडं कृष्णधवलमध्ये एकसारखी करडी निघाली, तर त्यांतलं एकच घ्यायचं. ही कसोटी मुलं आपल्यापेक्षा निर्दयपणे लावतात. बादशाहचा फालुदा खरेदी संपल्यावरच, चिकट हातांनी पांढरं कॅम्ब्रिक उलगडू देणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे.

आता कापड. रंग जुळवण्याआधी वजन जुळवा, बाकी सगळं त्यानंतर. मलमल चौरस मीटरला साधारण ६० ते ८० ग्रॅम भरते, कॅम्ब्रिक शंभराच्या आसपास, चांगलं पॉपलीन ११०-१२० पर्यंत. दुकानात ग्रॅमची भाषा चालत नाही. तिथे ‘साठ-साठ कॉटन’ मागायचं, म्हणजे ६० काउंटच्या सुताचं कॅम्ब्रिक समोर येतं. मलमलीचा चौकोन पॉपलीनच्या शेजारी जोडला की शिवण सुरकुतते, आणि धुतल्यावर टाक्यांच्या मधली मलमल फुगून वर येते. याला अपवाद कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीचा, म्हणजे त्यांच्या गोधडीचा. तिच्यात ठिगळ थेट खालच्या कापडावर ठेवून कोपऱ्यापासून फिरत फिरत मधे संपवतात. प्रत्येक ठिगळ स्वतंत्रपणे टाचलं जातं, त्यामुळे जाड-पातळ शेजारी खपून जातं. आधी वरचा थर जोडून घेणाऱ्यांना ती मुभा नाही.

ताग्यावरचं पॉपलीन कडक लागतं ते बऱ्याचदा खळीमुळे (कांजीमुळे). कोपरा दोन्ही तळव्यांत धरून कपडे चोळतो तसा जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड उजेडात जाळीदार दिसू लागलं, तर पहिल्या धुण्यात ते निम्मं मरतं. सूत शुद्ध आहे का याची शंका असेल तर किनारीचे चार धागे मागून घ्या आणि बाहेर उघड्यावर पेटवून बघा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर आकसून कडक मणी बनतं. मिश्रणात दोन्ही दिसतं. हातशिलाईला मिश्रण वाईटच असं नाही, पण ते आटत नाही आणि शेजारचं सुती आटतं, भांडण तिथे आहे.

प्रिंटमध्ये एक सापळा म्हणजे खडी प्रिंट. वरचा पांढरा जाड रंग धाग्यांत न मुरता पृष्ठभागावर बसतो. सुई तिथे अडकते, बोट दुखतं आणि सुईचं भोक कायमचं राहतं. बोट फिरवून उंचवटा लागला की ते कापड ठेवून द्या. अजरख आणि निळीची कापडं सुईला गुणी, पण रंग सोडतात, तेव्हा ती वेगळ्या पिशवीत ठेवायची.

मापाबद्दल. दुकानदार मीटरपट्टीवर कापड ताणून मोजतो, मग कात्रीने छोटी चीर देऊन टरकन फाडतो. फाडण्याबद्दल तक्रार करू नका. फाटलेली कड आडव्या धाग्यावर सरळ जाते, कात्रीने कापलेली बहुधा तिरकी. कडेचा अर्धा इंच मात्र विस्कटतो, तो वाया धरायचा.

६ इंची तयार चौकोनाला दोन्हीकडे पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) धरून ६.५ इंच कापायचं. ६० × ९० ला १० × १५, म्हणजे १५० चौकोन. पाच कापडं घेतली की प्रत्येकाचे ३०. ४४ च्या पन्ह्यातून ४ टक्के आट (धुतल्यावर आकसणं) आणि किनारी वजा केल्या की ४१ इंच हाती लागतात, आडवे ६ चौकोन बसतात. १ मीटर आटून ३७.८ इंच होतं, त्यात उभे ५. म्हणजे बरोबर ३०, एकही जादा नाही. म्हणून सव्वा मीटर घ्यावं. ते आटून ४७ इंच राहतं, ३० चौकोन निघाल्यावर उरलेल्या १४ इंचांत आणखी एक ओळ (६ जादा चौकोन) आणि २.५ इंची दोन पट्ट्या बसतात. पाच कापडांच्या मिळून १० पट्ट्या, गोटाला ९ पुरतात. एकूण ६.२५ मीटरमध्ये वरचा थर आणि रंगीबेरंगी गोट. ३६ चा पन्हा निघाला तर आडवे ५ च बसतात. तरी सव्वा मीटर पुरतं, पण गोटाला ११ पट्ट्या लागतात आणि जादा चौकोन उरत नाहीत. पाचही कापडांचा पन्हा विचारल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही, एकाच दुकानात दोन्ही पन्हे असतात.

अस्तर सगळीकडून ३ इंच मोठं, ६६ × ९६. ४४ च्या पन्ह्याचे दोन लांब तुकडे मधे जोडायचे, त्याला ५.२५ मीटर. डबलबेडची चादर जोडाशिवाय चालेल असं वाटतं, पण चादरीची वीण दाट असते. हाताने टाके घालायचे असतील तर प्रत्येक टाक्याला सुई ढकलावी लागते. मशीनवाल्यांनी खुशाल वापरावी.

आतल्या थरांना विकतचं पॉलिफिल (पॉलिस्टरचं भरण) मुंबई-कोकणच्या हवेत गरम होतं, शिवाय त्याचे तंतू कालांतराने वरच्या कापडातून बाहेर येतात. जुनी सुती नऊवारी उत्तम. काठ काढून पन्हा ४५ इंच उरत असेल आणि कापड सगळीकडे धड असेल तर तिचे ९६ इंचाचे तीन तुकडे निघतात, ते दंड घालून जोडले की १३४ इंच रुंदी होते, म्हणजे ६६ चे पूर्ण दोन थर. सहावारीतून एकच थर आणि थोडी पट्टी. जाड काठ आधी उसवून काढा, नाहीतर धावदोरा त्या जागी तुटक येतो. विरलेला भाग उजेडासमोर धरून पाहा आणि तिथे आतूनच ठिगळ लावा.

रविवार धुण्याचा. फाटलेल्या कडांना झिगझॅग मारून घ्या, नाहीतर मशीनमध्ये दोऱ्यांचा गुंता होतो. प्रत्येक कापडाचा दोन इंची तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून इस्त्री करायची. डाग उमटला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवायचं. मीठ-व्हिनेगरने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही, सुटा रंग निघून जाणं हाच उपाय. किंचित दमट असतानाच इस्त्री करावी, ती उभ्या धाग्याच्या दिशेने. उरेब (तिरकी) ओढली की चौकोनाचा पतंग होतो.

जोडणी : पाच रंगांची ओळ दोनदा, पुढच्या ओळीत एक घर सरकवून. १५ ओळींत प्रत्येक रंग बरोबर ३० वेळा येतो आणि तिरके पट्टे पडतात. सुरुवातीला तीन चौकोन जोडून मोजा, १८.५ इंच यायला हवेत. माया १/१६ इंचाने जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत १/८ इंच जातो, आडव्या ९ शिवणींत सव्वा इंचाच्या जवळपास आणि उभ्या १४ शिवणींत पावणेदोन इंच. एका ओळीची माया डावीकडे, पुढचीची उजवीकडे दाबा, म्हणजे चौकात चार जाड पदर एकावर एक येत नाहीत.

टाचताना अस्तर जमिनीवर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने ताठ करा, ओढून मात्र नको. कच्चा धावदोरा मधून बाहेर, ४ इंचांवर, उभा आणि आडवाही. हे कंटाळवाणं काम आखडलं की पुढे शिक्षा होते : आपला पारंपरिक धावदोरा कडेकडून आत चौकटी लहान करत जातो, आणि कापडातला सगळा ढिलेपणा मधे जमून तिथे पोट येतं. पोट दिसू लागलं तर पुढच्या चौकटी थांबवून मधला भाग पुन्हा टाचून घ्या. टाके आवळून ते जात नाही.

दोरा अँकर पर्ल कॉटन ८ नंबर, ८५ मीटरचा गोळा. चौकटी एक इंचावर घेतल्या तर ५४०० इंच म्हणजे १३७ मीटरची रेघ होते. थरांतून वरखाली जाणं आणि टोकं मिळून आणखी तिसरा हिस्सा धरा, तीन गोळे घ्या. एकाच लॉटचे घ्यावेत, लाल आणि निळ्या छटांत फरक उठून दिसतो. सुई भरतकामाची ५ नंबर, दोरा हातभर. लांब घेतला तर ओढून ओढून त्याची लव उडते. चार थरांत इंचाला ४ टाके आरामात येतात, ६ चा हट्ट धरला की उलट्या बाजूला टाके सुटतात. मधल्या बोटात अंगुस्ताण हवंच.

गोटाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, जोडलेल्या नाहीत. धावदोऱ्याने गोधडी दोन्हीकडून आत ओढली जाते, त्यामुळे शेवटची चौकट संपल्यावर चारही कडा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर कडा पट्टी लावून सरळ कापून घ्यायच्या, आणि मगच पट्ट्या तिरक्या जोडायच्या.