बजरीगरचा (छोट्या पाळीव पोपटाचा) झेड नकाशा : हंगामाअखेरची नोंद

उन्हाळा लागला. सांगलीत एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पत्र्याखाली पिल्लं तगत नाहीत, म्हणून मडकी काढून धुऊन पालथी घातलीत. आता वही काढायला सवड आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. माझे दोन नर सख्खे भाऊ, बाप सिनॅमन (पिसांवरचा काळा रंग तपकिरी), आई ओपॅलिन (डोक्या-पाठीवरचे पट्टे पुसट). दोन्ही जनुकं झेड गुणसूत्रावरची. भावांच्या एका झेडवर सिनॅमन, दुसऱ्यावर ओपॅलिन, वरून मात्र साधे हिरवे. पक्ष्यांत नराला दोन झेड, मादीला एकच, आणि तो बापाकडून आलेला. म्हणून लेकीची पिसं बघितली की बापाच्या दोन झेडमध्ये तुकड्यांची अदलाबदल झाली की नाही ते कळतं. अदलाबदलीची टक्केवारी जितकी जास्त, तितकी दोन जनुकं एकमेकांपासून लांब. फळमाशीत याच्या उलट, तिथे अदलाबदल फक्त मादीत होते. स्टर्टेव्हंटने १९१३ साली पहिला जनुकनकाशा छापला तो अशाच टक्केवारीवरून. आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गनच्या प्रयोगशाळेत तो नकाशा काढला तेव्हा कॉलेजचा पोरगा होता तो!

दोन हंगामांत खात्रीच्या लेकी १९. सिनॅमन ७, ओपॅलिन ६, दोन्ही गुण एकत्र ४, साध्या हिरव्या २. अदलाबदलीच्या म्हणजे शेवटच्या दोन गटांतल्या ६, जवळपास ३२ टक्के. इतक्या कमी संख्येत दहा टक्के इकडे-तिकडे होणारच.

पण त्या ४ आणि २ कडे बघा. हे दोन्ही गट सारखे निघायला हवेत. सिनॅमन पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच कळतं: टॉर्च धरली की बंद पापणीखालून डोळा जांभळट दिसतो, काही दिवसांत काळा पडतो. ओपॅलिन पिसं फुटली की कळतं. अशी पिल्लं या जोड्यांत लेकीच असणार. साधं हिरवं पिल्लू मात्र नर की मादी हे नाकावरचा रंग येईपर्यंत सांगता येत नाही, आणि तोवर गेलं तर मोजणीतूनच जातं. म्हणजे साध्या लेकी हमखास कमी भरतात. नुसते ४ धरून दुप्पट केले तर २१ पैकी ८, म्हणजे ३८ टक्के. मला खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे वाटतं.

म्हणून पुढच्या हंगामात मादी बदलायची. ओपॅलिन-सिनॅमन मादी लावली की तिच्या झेडवर दोन्ही जनुकं, त्यामुळे मुलगेही बापाचा झेड उघडा दाखवतील. मोजणी दुप्पट, नाकाची वाट बघणं बंद. घरच्या त्या चार लेकी बापाला किंवा काकाला लावायच्या नाहीत. मिरजेच्या मित्राकडे वेगळ्या घराण्यातली एक आहे, राळ्याच्या पोत्यावर सौदा ठरतोय.

इनोला, म्हणजे पिसांतला काळा रंग पुसणाऱ्या झेडवरच्याच जनुकाला, अजून हात घालत नाही. सिनॅमन आणि इनो इतके जवळ की अदलाबदल सुमारे ३ टक्केच. लेसविंग (सिनॅमन आणि इनो एकत्र) मादी मिळायची तर शंभर लेकींत एखाद-दुसरी, आणि माझ्या गच्चीवर तेवढे पिंजरे मावत नाहीत. कुणाकडे इनो-ओपॅलिन स्प्लिट (दोन्ही जनुकं आत, वरून न दिसणाऱ्या) नराच्या रिंगवार (पायातल्या कडीच्या क्रमांकानुसार) नोंदी असतील तर पाठवा. लेकी आणि मुलगे वेगळे लिहिलेले हवेत.