हँडल ओढतंय, मिस्त्री

रिक्षावाला गाडी घेऊन येतो तेव्हा निदानही सोबतच घेऊन येतो. ‘हँडल ओढतंय’ म्हटलं की त्याच्या लेखी दोष हँडलातच. या पोराच्या गाडीवर त्या निदानापायी आधीच बरेच पैसे गेले होते. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते छर्ऱ्यांचं बेअरिंग) नवा, पुढचा शॉकअप नवा, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या लिंकचे बुश-पिन नवे, टायरसुद्धा नवा. सगळं काम साताऱ्यातल्याच दुसऱ्या एका गॅरेजात झालेलं. गाडी जुनी घेतलेली, हप्ते चालू, सकाळी शाळेची मुलं आणि मग दिवसभर स्टँड. गाडीला आठ वर्षं उलटून गेलेली, म्हणजे पासिंग, आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी, आणि तेही तोंडावर आलेलं.

“मिस्त्री, हँडल तेवढं सरळ करून द्या.”

बदललेले पार्ट अस्सल होते, बसवलेही नीट होते. तरीही मी पुढून सुरुवात केली, कारण दुसऱ्यानं बघितलं म्हणून आपण बघायचं नाही हे मला पटत नाही. चासीखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचललं. हँडल मध्यावर आणून बोटानं हलकं ढकललं की ते दोन्ही बाजूंना आपल्या वजनानं पडलं पाहिजे. मध्यावर अडकून ‘टक्’ करून बसलं, तर कोनसेटच्या वाटीत छर्ऱ्यांची खाच पडलेली असते. रिक्षा जास्त वेळ सरळच चालते, खड्ड्यांचे दणके सरळ असतानाच बसतात, म्हणून खाच नेमकी मध्यावर पडते. मग ड्रायव्हर दिवसभर त्या खाचेशी भांडतो आणि गाडी नागमोडी चालते. कोनसेट जास्त आवळला तरी तेच, ढिला राहिला तर ब्रेकला ठोका आणि वेगात थरथर. इथं हँडल सुरेख पडत होतं. चाक वर-खाली धरून हलवलं, लिंकमध्ये खेळ नाही. आमचा फोर्क एकाच बाजूनं चाक धरतो, स्कूटरच्या वंशाचा आहे तो, त्यामुळे बुश खाल्ला की चाक लगेच कलतं. समोर उकिडवं बसून बघितलं, चाक ताठ होतं. तिन्ही टायरची हवा ठीक, मागचे दोन्ही ड्रम हातानं मोकळे फिरत होते.

रिकामी गाडी पोवई नाक्यापर्यंत नेऊन आणली. सरळ चालली.

“रिकामी बरी चालते हो,” पोरगा म्हणाला. “सीट भरली की मस्ती करते. यवतेश्वरचा घाट उतरताना तर हात दुखतात.”

हे त्यानं आधीच्या गॅरेजात सांगितलं होतं का, विचारलं. सांगितलं होतं म्हणे, पण त्यांनी शॉकअप बदलला. ऐकायला पैसे पडत नाहीत, तरी आमच्या धंद्यात ऐकणारे कमी होत चाललेत.

शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून सिमेंटची चार पोती मागून आणली. दोनशे किलो, म्हणजे साधारण तीन माणसं. (परमिट तीन सीटचं. मुलं किती बसतात ते कुठल्याही शाळेच्या गेटवर उभं राहून मोजा.) पोती मागं टाकून यवतेश्वर चढलो. हँडल नुसतं बोटांत ठेवलं होतं. मुठीतला गॅस वाढवला की नाक किंचित उजवीकडे, सोडला की डावीकडे. उतरताना ब्रेक दाबला तर डावीकडची ओढ चांगलीच जाणवली.

पुढचं चाक गॅसला विचारत नाही. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो ती मागं आहेत. १९७७ मध्ये मागच्या इंजिनाची रिक्षा निघाली, आणि तेव्हापासून इंजिन, गिअरबॉक्स, पॅसेंजर सगळा बोजा मागच्या दोन ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे चासीला मागचं एकेक चाक जोडणाऱ्या दांड्यांवर आला. उजवा आर्म चासीला जिथं धरलाय तिथं ढिला असेल, तर गॅस दिल्यावर चाक आर्मला पुढं ढकलतं, चाकाचं तोंड आत वळतं आणि गाडीचं नाक उजवीकडे जातं. ब्रेकला सगळं उलटं. म्हणजे मागचं चाक गाडी वळवत होतं, आणि हँडल धरणाऱ्याला वाटत होतं की पुढं बिघाड आहे. हे घाटात जास्त वाईट. वळणात ब्रेक लावला की वजन पुढं सरकतं, आणि पुढं रिक्षा एका चाकाएवढीच रुंद.

गॅरेजात पोती तशीच ठेवून गवंड्याचा ओळंबा काढला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फरशीवर खूण, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून खुणा, मग टेप. दोन्हीकडे माप सारखं. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि गाडी मागून रेटली. डावीकडचं माप हललं नाही. उजवीकडचं चांगलं अर्धा इंच वाढलं.

खाली शिरलो. आर्म चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटवर काळ्या अंडरकोटचा (गंज लागू नये म्हणून खालून मारतात तो रंग) जाड थर, आणि बाकी चासीवर नुसता चिखल. तो एवढाच थर बघून मला राग आला. खरवडला, डिझेल लावलं (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतंय कुठं), पुसून कोरडं केलं आणि खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. तडा जुन्या वेल्डिंगच्या कडेनं अर्ध्या ब्रॅकेटभर गेला होता. रिकाम्या गाडीत तो मिटायचा, वजनानं उघडायचा.

पोराला दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “पासिंग आधी करून आणू का? तिथं रिकामीच नेतात.” त्याचा राग नाही आला. हप्ता असलेल्या माणसाला आधी तेच सुचतं. पण गाडी सोडली नाही. मुलांसाठी त्यानं मित्राची रिक्षा लावली, मला शिव्या घातल्या असतील.

आता जे डोक्यातून जात नाही ते. ते जुनं वेल्डिंग सुंदर होतं. मासळीच्या खवल्यांसारखे एकावर एक सारखे टाके. असा हात या भागात मला एकाच माणसाचा माहीत आहे, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, आणि माझी चासीची सगळी कामं त्यांच्याकडेच जातात. पण मामा, तडा पुढं सरकू नये म्हणून, त्याच्या टोकाला छिद्र पाडल्याशिवाय आणि वरून पट्टी दिल्याशिवाय कधी सोडत नाहीत. इथं दोन्ही नव्हतं.

काम त्यांच्याकडेच नेलं. दुसऱ्यावर विश्वास नव्हता. बॅटरीच्या वायरी काढल्या, सीएनजीची टाकी उतरवून बाजूला ठेवली, आर्म सोडवला. मामांनी ब्रॅकेट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ग्राइंडर लावून जुनं वेल्डिंग पार तळापर्यंत खरवडून काढलं, तड्याच्या टोकाला छिद्र पाडलं, आतून वेल्डिंग घेतलं, वरून पट्टी मारली. बुश मी नवे टाकले. पोती घालून पुन्हा घाट उतरलो, बोटांत धरलेलं हँडल जागचं हललं नाही.

मामांनी अजून पैसे सांगितलेले नाहीत. दोनदा विचारलं तर “बघू” म्हणाले. कुणी त्यांना ‘विकायचीय, नुसती धरून द्या’ म्हटलं असेल का? की तो हात त्यांचा नव्हताच, त्यांच्याकडे शिकून गेलेल्या कुणा पोराचा होता? विचारलं तर खरं सांगतील, म्हणूनच जीभ उचलत नाही. अंडरकोट मात्र मामांनी मारलेला नाही. ते रंगाला हात लावत नाहीत.

गाडी ज्यानं विकली त्याच्या आणखी रिक्षा स्टँडला लागतात. त्यातली एक परवा ऑइल बदलायला आली होती. मी डिझेलचं फडकं घेऊन खाली सरकलो, तर ड्रायव्हर म्हणाला, “ऑइलच सांगितलंय. मालकाला विचारल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.”