आधी काय, मग काय: लॉ फर्ममधलं नॉलेज मॅनेजमेंट

लॉ फर्ममध्ये सगळ्यांत जास्त वापरला जाणारा नमुना म्हणजे ‘मागच्या वेळी केला होता तो’. नवं काम आलं की ज्युनिअर जुनी फाइल उघडतो, नावं-तारखा बदलतो, झाला मसुदा. पण तो जुना करार वाटाघाटी होऊन सही झालेला असतो. समोरच्यांनी घासाघीस करून मिळवलेल्या सवलती त्यात मुरलेल्या असतात. समजा, मागच्या व्यवहारात विक्रेत्याने नुकसानभरपाईची मर्यादा किमतीच्या १० टक्क्यांवर आणून ठेवली होती. आता आपला अशील खरेदीदार आहे, आणि आपल्याच पहिल्या मसुद्यात ते १० टक्के निमूट जातात. समोरचा वकील त्या कलमावर अवाक्षर काढत नाही. कशाला काढेल?

नॉलेज मॅनेजमेंट, म्हणजे फर्मचं अनुभवातून आलेलं ज्ञान सगळ्यांना वापरता येईल असं जपणं, सुरू करायला हवं ते इथून. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअरच्या डेमोपासून सुरू होतं. खरेदी होते, १० वर्षांच्या फायली त्यात ओतल्या जातात, मग ‘गोपनीयता करार’ शोधलं की ४०० निकाल येतात. ज्युनिअर दोन मिनिटं स्क्रोल करतो आणि शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो, “तुझ्याकडे एखादा बरा आहे का?”

हे प्रश्नच गोळा करा. चार आठवडे पुरतात. सगळ्यांना गेलेल्या ‘कुणाकडे अमुक आहे का’ छापाच्या ईमेल, सर्चमध्ये टाकलेले शब्द, ज्युनिअरने संशोधनावर लावलेले पण बिलातून कापले गेलेले तास, आणि सीनिअर प्रत्येक मसुद्यात पुन:पुन्हा करतात त्याच दुरुस्त्या. यातून जी यादी निघेल तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला तीन गुण द्या: किती वेळा लागते, दर वेळी किती वेळ खाते, चुकली तर किती महागात पडते. प्रत्येकी १ ते ३, आणि तिन्हींचा गुणाकार.

साधा गोपनीयता करार ३ × १ × १, म्हणजे ३. दावा किंवा अपील दाखल करायच्या मुदतींचा तक्ता ३ × २ × ३, म्हणजे १८. परदेशी कायदा गुंतलेलं एखादं अभिप्रायपत्र (वकिलाचं लेखी कायदेशीर मत) १ × ३ × ३, म्हणजे ९. बहुतेक फर्म गोपनीयता करारापासून सुरुवात करतात, कारण तो सोपा असतो. मुदतींचा तक्ता मात्र कुणा एकाच्या डोक्यात किंवा डायरीत राहतो. मुदत हुकली की निस्तरायला फारशी वाट उरत नाही, म्हणून तो आधी. हे गुण काही शास्त्र नव्हे. त्यांचा खरा उपयोग ‘नाही’ म्हणायला होतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या विषयावर एखाद्या पार्टनरचा फार जीव असतो, आणि कागदावर आकडा असला की ते बोलणं सोपं जातं.

पहिल्या फेरीत एकच विभाग घ्या, १५ ते २० कागद. याहून जास्त नको, कारण खरा वेळ साफसफाईत जातो. नावं आणि रकमा नुसत्या मजकुरातून काढून भागत नाही. त्या हेडर-फूटरमध्ये असतात, परिशिष्टात असतात, कॉमेंट्समध्ये, न स्वीकारलेल्या ट्रॅक चेंजेसमध्ये (फाइलमध्ये खुणा करून ठेवलेल्या दुरुस्त्यांमध्ये) आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही असतात. नाव काढूनही अशील ओळखू येतो असा तपशील असेल, तर तोही जायला हवा. मग मुरलेल्या सवलती काढायच्या आणि दोन प्रती करायच्या, खरेदीदाराच्या बाजूची आणि विक्रेत्याच्या बाजूची.

शेवटी महत्त्वाच्या कलमांखाली टीप. उदाहरणार्थ: ‘खरेदीदाराच्या पहिल्या मसुद्यात मर्यादा घालू नये. समोरून मागणी आली, तर मालकी हक्काबद्दलची हमी मर्यादेबाहेर ठेवावी. त्याशिवाय आकड्यावर बोलू नये.’ ज्ञान म्हणतात ते या तीन ओळींत असतं, बाकीचा करार कुणीही टाइप करू शकतो. मोठ्या कराराचं हे सगळं करायला अनुभवी वकिलाचे दोन-तीन दिवस सहज जातात.

ते दिवस कोण देणार, इथे बहुतेक योजना अडकतात. अशिलाच्या बिलात न लावता येणारे तास मोजलेच जात नसतील, तर हे काम रात्री उशिरा, सगळ्यांत नवख्या माणसाकडून होणार. टाइमशीटमध्ये, म्हणजे वकिलांच्या तासांच्या नोंदीत, या कामाला वेगळा कोड द्या आणि वार्षिक मूल्यमापनात ते तास धरा. हे जमणार नसेल तर २० ऐवजी ५ कागद करा.

न्यायनिवाड्यांचा संग्रह करत बसू नका, त्यासाठी वर्गणीचे डेटाबेस आहेत. आपली संशोधन टिपणं तेवढी ठेवा, तीही वर प्रश्न, उत्तर आणि तारीख लिहिलेली असतील तर. कोणाला कशाचा अनुभव आहे, हे फॉर्म भरून घेऊन कळत नाही. टाइमशीटमधून कळतं. काम संपताना दोन प्रश्न विचारा: कोणत्या कलमावर सगळ्यांत जास्त भांडण झालं, आणि नवीन काय लिहावं लागलं? उत्तरं आल्याशिवाय फाइल बंद होऊ द्यायची नाही. नंतर विचारलं तर तोवर सगळे पुढच्या कामात बुडालेले असतात.

एआयचं साधन जोडायचं असेल, तर ते या साफ केलेल्या संग्रहालाच जोडा. अख्ख्या ड्राइव्हवर सोडलं, तर जुना कायदा नव्याच्या थाटात सांगितला जाईल. शिवाय अशिलांच्या हितसंबंधांत टक्कर असल्यामुळे ज्या टीमपासून फाइल दूर ठेवलेली असते, तिच्याच उत्तरात त्या फाइलमधला मजकूर यायचा धोका असतो.

प्रत्येक कागदाच्या माथ्यावर चार गोष्टी हव्यात: जबाबदार वकिलाचं नाव, कोणत्या बाजूचा, कोणत्या देशाच्या कायद्याखालचा, आणि पुन्हा तपासायची तारीख. ‘कॉर्पोरेट टीम’ असं लिहिलेलं नाव म्हणून चालत नाही. ती तारीख उलटली की कागद सर्चमधून आपोआप गायब झाला पाहिजे. ओरड होईल. जो सगळ्यांत आधी ओरडेल, त्यालाच तो तपासायला द्या.